ली-एनफिल्ड नं. ४ : पुन्हा भरलेली काडतुसं चेंबरमध्ये बसत नाहीत, बोल्ट अडतो

रानपिंगळा

मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा. रायफल ली-एनफिल्ड नं. ४ मार्क १, .३०३, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. परवाना, क्लब, रीलोडिंगची परवानगी सगळं रीतसर आहे, तेव्हा त्या विषयाचा फाटा नको.

अडचण अशी. कारखान्यातली नवी काडतुसं विनातक्रार बसतात. मी भरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त काडतुसांवर बोल्ट पुढे जातो, पण मूठ खाली वळवताना मधेच अडते. जोर लावला तर बसेलही, पण लावलेला नाही. उरलेली मात्र आरामात बसतात. सगळी एकाच बैठकीत, एकाच डायवर (काडतुसाला माप देणारा साचा) भरलेली आहेत.

फक्त मान (गोळी धरणारा अरुंद भाग) दाबणारी डाय वापरतो, अख्खी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) दाबत नाही. पितळ, म्हणजे रिकाम्या केसेस, दोन ठिकाणचं आहे: काही माझ्याच रायफलीतून उडालेलं, बाकी क्लबातल्या एका सभासदाने दिलेली पिशवी. आता सगळं एकत्र झालंय. गोळी १७४ ग्रेन वजनाची, .३११ इंच व्यासाची. काडतुसाची एकूण लांबी ७८.१ मिमीच्या आत आहे, मोजून पाहिली.

चकमक

सगळ्यात आधी, जिवंत काडतुसावर हे प्रयोग थांबवा. अडलेल्या बोल्टशी झटापट करायची आणि आत प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू सगळं शाबूत, हे चालणार नाही. त्याच पितळातली काही डमी करा: प्रायमर नाही, दारू नाही, फक्त गोळी बसवलेली. आणि काही नुसत्या दाबलेल्या रिकाम्या केसेस ठेवा. तपासणी त्यांच्यावरच.

दुसरं, अडतं नेमकं कुठे ते नीट बघा. या रायफलीचा घोडा बोल्ट बंद करताना चढतो, उघडताना नाही. त्यामुळे बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचा जोर हाताला लागतोच, रिकाम्या चेंबरवरही लागतो. माउझर रायफलीची सवय असलेल्यांना तोच जोर काडतुसाचा वाटतो. तुम्ही म्हणताय मूठ खाली वळवताना अडतं. म्हणजे स्प्रिंग नाही, काडतूसच कुठेतरी टेकतंय. तरी रिकाम्या चेंबरवर बोल्ट चालवून हाताला ओळख करून घ्या आणि मग डमी घाला. स्ट्रायकर काढून तपासणं सगळ्यात उत्तम, पण नं. ४ च्या स्ट्रायकरला खास हत्यार लागतं. पक्कड लावू नका.

दोनशे_यार्ड

बोल्टहेडवर (बोल्टचं पुढचं, बदलता येणारं टोक) आकडा काय आहे? नं. ४ ला ०, १, २, ३ असे चार बोल्टहेड येतात, आकडा वाढला की लांबी वाढते. तुमच्याकडे ३ असेल तर २ किंवा १ लावा. बसतील सगळी.

अडकित्ता

@दोनशे_यार्ड, बसतील, आणि चार-दोन वेळा उडवल्यावर केसेसचे दोन तुकडे होतील. कारखान्याची काडतुसं नीट बसतायत म्हणजे बोल्टहेड आणि चेंबर यांचं भांडण नाही. भरलेल्या काडतुसात काहीतरी आहे. रायफल कशाला बदलायची?

थोडं इस्कटून सांगतो, कारण या रायफलीबद्दल निम्मे गैरसमज इथेच होतात. .३०३ ला रिम आहे, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड. हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला बोल्ट आणि चेंबर यांच्यात मिळणारी जागा, रिमवर मोजतात, खांद्यावर (अंग मानेकडे निमुळतं होतं तो उतार) नाही. रिमची जाडी जास्तीत जास्त ०.०६४ इंच, आणि ब्रिटिश सैन्याच्या मापात बोल्टहेड ते चेंबरची कड हे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच चालायचं. आता आजकालच्या पितळाची रिम बऱ्याचदा ०.०५८ च्या आसपास निघते. म्हणजे रायफल पूर्ण मापात असूनही मागे ०.०१६ इंच मोकळी जागा असू शकते. त्यात लहान आकड्याचा बोल्टहेड लावून अजून वाढवायची?

काडतूस उडालं की केसची पातळ भिंत पुढे चेंबरला घट्ट चिकटते आणि बूड मागे सरकून बोल्टवर आपटतं. मधलं पितळ ताणलं जातं. शिवाय हिचे लग (बोल्ट जागेवर अडकवणारे खुंट) मागच्या बाजूला, त्यामुळे दाबाखाली बोल्ट आणि बॉडी थोडी दबतात, ताण अजून वाढतो. दर वेळी त्याच जागी, रिमच्या वर साधारण सेंटीमीटरभर. म्हणून केस तिथेच तुटते.

दोनशे_यार्ड

तुटण्याबद्दल दुमत नाही. पण मग नं. ३ लावून ती जागा कमी करावी, असंही बरेच जण सांगतात.

अडकित्ता

गेजवर ०.०७४ ओलांडत असेल तर लावायलाच हवा, आणि तोही जाणकाराकडून, लग नीट टेकतायत ना ते बघून. मापात असेल तर मोठ्या बोल्टहेडच्या मागे लागून फार काही हाती लागत नाही. रीलोडिंग करणाऱ्याच्या हातात त्याहून सोपी गोष्ट आहे, खांदा. एकदा उडालेली केस तुमच्या चेंबरच्या खांद्यापर्यंत भरून आलेली असते. तो खांदा मागे ढकलला नाही तर पुढच्या वेळी केस खांद्यावर टेकून राहते आणि रिममागच्या मोकळ्या जागेने काही बिघडत नाही. मान तेवढी दाबायची, हे धागाकर्ते करतायत ते बरोबरच आहे.

फक्त ते आपल्याच रायफलीतल्या पितळाला लागू आहे. माझा संशय त्या पिशवीवर.

चकमक

+१. पिशवीतलं पितळ दुसऱ्या रायफलीत फुगलेलं असणार.

या रायफलींची चेंबरं मुद्दाम सैल कापलेली आहेत आणि प्रत्येकीचा सैलपणा वेगळा. पहिल्या महायुद्धात चिखलाने माखलेलं काडतूसही बसलं पाहिजे हा हिशोब होता. उलटं उदाहरण कॅनडाच्या रॉस रायफलीचं. नेमबाजीला सुरेख, चेंबर घट्ट. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रला ब्रिटिश कारखान्यांतली काडतुसं आणि खंदकातला चिखल यांच्यापुढे ती अडकायला लागली, बूट मारून बोल्ट उघडायची वेळ आली. पडलेल्या सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलून कॅनडियन लोक लढले आणि १९१६ पर्यंत त्यांना अधिकृतपणेच ली-एनफिल्ड दिल्या गेल्या. चेंबरमध्ये काडतूस न बसण्याच्या विषयावर इतकी महागडी शिकवणी दुसरी नसेल.

तेलकट_फडकं

चेंबर साफ आहे ना? जुन्या रायफलींना साठवणीचं घट्ट ग्रीस फासलेलं असतं, ते खांद्याच्या कोपऱ्यात वाळून बसतं. नळी आरशासारखी चकचकीत आणि चेंबरमध्ये तपकिरी थर, असं बऱ्याचदा दिसतं, कारण नळीच्या ब्रशने चेंबर साफ होत नाही, तो बारीक पडतो.

रानपिंगळा

@तेलकट_फडकं, चेंबर जाड ब्रशने साफ केलंय, टॉर्च लावून पाहिलंय. थर नाही.

@चकमक, डमी केल्या. पितळ हेडस्टॅम्पवरून (बुडावरचा शिक्का) वेगळं काढलं. माझं सगळं एकाच शिक्क्याचं होतं त्यामुळे सोपं गेलं. माझ्या पितळातल्या बिनगोळीच्या केसेस सगळ्या बसतात. पिशवीतल्या बिनगोळीच्यासुद्धा अडतात. म्हणजे गोळीची लांबी हा प्रश्नच नाही. केसची लांबीही बघितली, सगळ्या ५६.४ मिमीच्या खाली.

पण एक गोची आहे. माझ्याच पितळातल्या गोळी बसवलेल्यांपैकी काही थोड्या अडतात. तेच पितळ बिनगोळीचं बसतं!

अडकित्ता

म्हणजे दोन वेगवेगळे आजार आहेत. छान. आता काजळी लावा. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचं ते फक्त बिनगोळीच्या, बिनप्रायमरच्या केसेस, तेही हलकेच. गोळीवाल्या डमीला काळं मार्कर फासा. बोल्ट हळूच मिटत आणा, जिथे अडतो तिथे थांबा, बाहेर काढा आणि काळं कुठे पुसलं गेलंय ते बघा. बोट लावू नका, रिमला धरून काढा. डोळ्यांना दिसतं त्यावर वाद होत नाहीत.

रानपिंगळा

केलं.

पिशवीतली केस: खांद्याच्या उतारावर सगळीकडून पूर्ण गोल कडं पुसलेलं. पितळ लख्ख दिसतंय. त्याखाली अंगावर काळं तसंच.

माझी, गोळीवाली: खांद्याच्या उतारावर काही नाही. पण अंग संपून खांदा सुरू होतो त्या कडेला, बारीक रेघेसारखं पुसलंय. अर्ध्याच बाजूला जास्त. भिंगातून पाहिलं तर तिथे किंचित फुगीर आहे, नखाला लागतं.

चकमक

पिशवीवाली निकालात निघाली. तिचा खांदा तुमच्या चेंबरपेक्षा पुढे आहे. ज्या रायफलीत ती उडाली तिचं चेंबर लांब.

तुमची दुसरी केस क्रिंपची, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळण्याची. गोळी बसवणारी डाय प्रेसमध्ये फार खाली बसवली आहे. रॅम (केस वर डायमध्ये नेणारा दांडा) वर आला की डायच्या आतली क्रिंपची पायरी केसच्या तोंडाला मिळते, तोंड गोळीत रुतायला बघतं, गोळीला खाच नसेल तर पितळाला जायला जागा नसते. मग मान खाली ढकलली जाते आणि खांद्याची कड फुगते. डोळ्याला दिसत नाही इतकी, पण चेंबरला कळते. काहीच अडतात याचं कारण केसची लांबी एकसारखी नाही. लांब केस पायरीला आधी पोचते.

गोळीला खाच आहे का?

रानपिंगळा

नाही, गुळगुळीत आहे.

चकमक

मग क्रिंप करूच नका. दाबलेल्या केसवर रॅम पूर्ण वर घ्या, डाय टेकेपर्यंत खाली फिरवा, तिथून एक पूर्ण आटा वर घेऊन नट आवळा. गोळी किती खोल जायची ते वरच्या दांड्याने ठरवा, डायच्या अंगाने नाही. सगळ्या केसेस ५६.२ मिमीला कापून घ्या, तोंडाच्या आतली-बाहेरची धार मोडा. लांबीचा खेळ तिथेच संपेल.

नवशिक्या_नेम

पिशवीतल्यांचं काय करायचं? टाकून द्यायच्या? पितळ हल्ली मिळत नाही हो.

अडकित्ता

टाकायच्या नाहीत. एकदाच पूर्ण केसची डाय वापरायची, पण डायसोबत आलेल्या कागदावर लिहिलंय तशी शेलहोल्डरला (केसची रिम धरणारा भाग) टेकेपर्यंत खाली नाही. तशी बसवली की खांदा कारखान्याच्या मापापर्यंत मागे जातो आणि तुमच्या सैल चेंबरात पुन्हा पहिल्यापासून ताण सुरू.

डाय आधी बरीच वर ठेवा. केसला लूब (वंगण) लावा, अंगाला पुसटसं, खांद्याला अजिबात नाही, नाहीतर तेल कोंडून खांद्याला पोचे पडतात. दाबा, पुसा, चेंबरमध्ये घाला. बोल्ट अडला तर डाय आठव्या भागाने खाली. पुन्हा दाबा, पुन्हा घाला. मूठ खाली येताना हाताला जेमतेम जाणवेल, पण बसेल, तिथे थांबा. त्याहून इंचाचे एक-दोन हजारांश खाली गेलात तर पुरे. नट आवळा आणि डायला हात लावू नका. एकदा तुमच्या रायफलीतून उडाल्या की त्या तुमच्या झाल्या, पुढे फक्त मान.

आणि लूब पूर्ण पुसायचं. तेलकट केस चेंबरला पकडत नाही, सगळा दणका बोल्टवर येतो. ब्रिटिश लोक रायफल प्रूफ करताना (ताकद तपासताना) तेल लावलेलं काडतूस उडवायचे ते ताण वाढावा म्हणूनच.

तेलकट_फडकं

पिशवीतल्या प्रत्येक केसच्या आत आधी तार फिरवा. कोणी किती वेळा उडवल्यात तुम्हाला माहीत नाही. पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा, धार काढा, केसच्या आत बुडापर्यंत घालून भिंतीला टेकवत वर ओढा. रिमच्या वर सेंटीमीटरभर जागेत टोक खाचेत अडकल्यासारखं झालं की ती केस भंगारात. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसत असेल तर तारही नको, सरळ भंगारात.

केस तुटण्याचा आणि चेंबर अडण्याचा एक संबंध अजून कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. केस मधोमध तुटली की बूड बाहेर येतं आणि पुढचं नळकांडं चेंबरमध्येच राहतं. बाहेर आलेल्या तुकड्याकडे लक्ष गेलं नाही तर पुढचं काडतूस अर्ध्यात अडतं आणि माणूस बोल्टवर थापा मारत बसतो. तेव्हा काडतूस अचानक अडलं की आधी मागचं पितळ शोधा, पूर्ण आहे का बघा. तुटकं नळकांडं काढायचं वेगळं हत्यार असतं, सैन्यातही दिलं जायचं. रीलोडिंग करणाऱ्याकडे ते असावंच.

नवशिक्या_नेम

पिशवीत काही के एफ शिक्क्याच्या केसेस आहेत का? मला थोड्या मिळाल्यात, प्रायमर काढताना डायची पिनच वाकली.

चकमक

के एफ म्हणजे आपल्या खडकीचा कारखाना. जुन्या के एफ केसेसना बर्डान प्रायमर असतो. मधोमध एक भोक असण्याऐवजी बाजूला दोन बारीक भोकं आणि मधे पितळाचाच उंचवटा. डायची पिन त्या उंचवट्यावर आपटते, वाकते किंवा तुटते. टॉर्च लावून आत बघायचं, एकच भोक दिसलं तरच डायमध्ये. बर्डान भरणारे लोक आहेत, पण तेवढी खटपट करण्याइतकं ते पितळ चांगलं उरलेलंही नसतं. माझ्या मते शोकेसमध्ये ठेवा.

तेलकट_फडकं

अवांतर: तसली जुनी लष्करी काडतुसं कोणी उडवत असेल तर साफसफाई तेलाने किंवा पेट्रोलने होत नाही. त्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मीठच, हवेतली ओल ओढतं, आणि तेलात विरघळत नाही. पाणी लागतं. सैन्यात फनेल लावून नळीत उकळतं पाणी ओतायचे. त्यानंतर कोरडं करून तेल.

मी_फक्त_वाचक

धागा वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला आहे. एक शंका, इशापूरच्या कारखान्यातली २ए१ रायफल पण दिसायला अशीच असते. तिलाही हेच लागू?

अडकित्ता

नाही. दिसायला बहीण, पण २ए आणि २ए१ या ७.६२ नाटोच्या आहेत. ते काडतूस बिनरिमचं, हेडस्पेस खांद्यावरच. खांद्याचं माप चुकलं की तिथे रिम सांभाळून घ्यायला नाही. आणि .३०३ चं काडतूस तिच्यात किंवा तिचं .३०३ मध्ये घालून बघायचा विचारही नको.

दोनशे_यार्ड

@रानपिंगळा, मॅगझिनमधून येतानाही अडतात का? वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, बोल्ट पुढेच जात नाही. तो दोष काडतुसाचा नसतो, भरण्याचा असतो. वरची रिम नेहमी पुढे.

रानपिंगळा

नाही, ते नीट येतात. क्लिपने न भरता एकेक हाताने भरतो तेव्हा रिम बघूनच.

तर प्रगती अशी. डाय एक आटा वर घेतली, सगळ्या केसेस एका मापाला कापल्या. माझ्या पितळातल्या डमी आता सगळ्या बसतात, मार्कर कुठेच पुसत नाही. पिशवीतल्यांना आधी तार लावली, बऱ्याच भंगारात गेल्या, काहींत टोक इतकं स्पष्ट अडकलं की दुसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती. उरलेल्यांना अडकित्ता यांनी सांगितलं तशी डाय थोडी थोडी खाली घेत आणली. एका ठिकाणी मूठ नुसती हाताला लागते आणि खाली येते. तिथे नट आवळलाय.

आता यांना पहिल्यांदा उडवताना रिममागची जागा राहीलच ना? खांदा थोडा तरी मागे गेलाय.

चकमक

हाताला लागतंय म्हणजे खांदा टेकलाय, जागा जवळपास नाही. खरी काळजी नव्या कोऱ्या पितळाची, कारण त्याचा खांदा कारखान्याच्या मापाला असतो. त्यासाठी एक जुनी युक्ती: रिमच्या पुढे बारीक रबरी ओ-रिंग चढवायची. बोल्ट मिटला की ती दबते आणि केसचं बूड बोल्टहेडला चिकटवून ठेवते. उडाल्यावर केस मागे ताणली जायच्या ऐवजी खांदा पुढे भरून येतो. हलक्या भारावर एकदाच करायचं, पुढे मान तेवढी.

नवशिक्या_नेम

हलका भार म्हणजे किती ग्रेन? १७४ च्या गोळीला?

अडकित्ता

आकडा इथे मिळणार नाही, आणि कोणी दिला तर वापरू नका. दारू कुठली, गोळी कुठली, केस कुठली यावर तो बदलतो. दारू बनवणाऱ्याने छापलेलं कोष्टक घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून सुरू करा. त्या आकड्याच्याही खाली आपल्या मनाने जायचं नाही, काही दारूंना कमी भार मानवत नाही. आणि भरून झाल्यावर गोळी बसवण्याआधी सगळ्या केसेस ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने पातळी बघा. एकीत दुप्पट पडली तर तिथेच दिसते.

रानपिंगळा

ओ-रिंग मागवतो. पिशवीतलं पितळ वेगळ्या डब्यात, माझं वेगळ्या.

तेलकट_फडकं

डब्यावर किती वेळा उडालंय तेही लिहा. आणि दर तीन-चार वेळांनंतर मान तापवून नरम करा, नाहीतर मानेला उभ्या चिरा पडतात. बूड मात्र तापू द्यायचं नाही, केस पाण्यात उभी करून फक्त मान ज्योतीत. बुडाचं पितळ नरम झालं की ती केस गेली.